ऑपरेशनपूर्वीचे चार आठवडे

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला की नातेवाईक डॉक्टरांच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवितात, आणि रुग्णाची प्रकृतीच तशी होती, असे उत्तर रुग्णालयाकडून मिळते. या वादात एक साधा प्रश्न बाजूला पडतो. ती प्रकृती आधी कोणी नीट पाहिली होती काय, आणि पाहिली असल्यास तिच्यासाठी काय केले?

रुग्णाच्या प्रकृतीची प्रतवारी करण्याची पद्धत अमेरिकेतील भूलतज्ज्ञांनी १९४१ साली मांडली. तिच्यामागील विचार सरळ आहे : ऑपरेशन तेच, सर्जनही तोच, परंतु धोका माणसागणिक वेगळा. मधुमेह आटोक्यात नसल्यास जखम चिघळण्याची भीती अधिक. रक्तक्षय असलेल्यास थोडा रक्तस्रावही जड जातो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास न्यूमोनियाचा धोका मोठा.

परंतु यांतील बरेच धोके अटळ नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे चार आठवडे धूम्रपान सोडल्यास गुंतागुंत कमी होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली स्पष्ट केले. तातडी नसेल तर गुडघ्याचे ऑपरेशन तेवढे थांबू शकते. त्या अवधीत साखर आटोक्यात आणणे, हिमोग्लोबिन वाढविणे हाही उपचारच होय.

रुग्णालयाचे कर्तव्यही अवघड नाही. याच संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-सूची तयार केली. अॅलर्जी आहे काय, रक्तस्रावाचा धोका किती, असे प्रश्न भूल देण्यापूर्वी मोठ्याने विचारावयाचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा वापर झाला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले.

रुग्णानेही मिश्री, दारू, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काहीही लपवू नये. तो लपवितो ते बहुधा रागावले जाण्याच्या भीतीने. रोजंदारीवरील माणसाला तर महिनाभर थांबणे परवडतही नाही. म्हणून प्रकृतीचा धोका ही आधी समजून घेण्याची गोष्ट आहे, मागाहून पुढे करण्याची सबब नव्हे. संमतिपत्रावर घाईघाईने घेतलेली सही हे त्या संवादाचे रूप नव्हे. पुरेशी माहिती मिळाल्यावाचून दिलेली संमती खरी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितले आहे. आता ते दवाखान्याच्या टेबलापर्यंत पोहोचावयाचे आहे.