दिवा लागला, व्हॉल्व्ह बदलला, पुन्हा दिवा!

मेकॅनिकलचा विद्यार्थी सुट्टीत घरी गेला की शेजारच्यांचा मिक्सरसुद्धा त्याच्यासमोर येतो. या दिवाळीत माझ्यासमोर आली बाबांची गाडी. चेक इंजिनचा दिवा लागला होता. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड आला पी०४४३. "पर्ज व्हॉल्व्ह गेला," तो म्हणाला. मीही इंजिनिअरच्या थाटात मान डोलावली. नवा व्हॉल्व्ह बसला, बाबांचे पैसे गेले आणि दोन दिवसांनी दिवा पुन्हा हजर! बाबा एवढंच म्हणाले, "कॉलेजात मोजायला शिकवतात ना रे?" मनाला लागलं.

आधी हा व्हॉल्व्ह करतो काय ते बघू. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवतात. इंजिन चालू असताना ईसीयू हा व्हॉल्व्ह उघडतो, वाफ इंजिनात ओढली जाते आणि जळते. व्हॉल्व्हच्या कॉइलला दोन वायरी. चावी ऑन केली की एकीवर बॅटरीचे १२ व्होल्ट येतात; दुसरी ईसीयू अर्थला जोडतो-सोडतो. व्हॉल्व्ह बंद असताना कॉइलमधून आलेले व्होल्ट ईसीयूला या दुसऱ्या वायरवर दिसायला हवेत. दिसले नाहीत की कोड! म्हणजे पी०४४३ फक्त 'सर्किटमध्ये बिघाड' एवढंच सांगतो. दोषी व्हॉल्व्ह असेल, फ्यूज असेल, कनेक्टर, वायर किंवा क्वचित ईसीयूसुद्धा.

मग मल्टीमीटर घेऊन बसलो.

१) काढलेल्या जुन्या व्हॉल्व्हची कॉइल मोजली : २६ ओहम. बऱ्याच गाड्यांत २० ते ३० च्या आसपास असते. तुटलेली असती तर अनंत, शॉर्ट असती तर जवळजवळ शून्य. म्हणजे बिचारा निर्दोष होता!

२) कनेक्टर काढला, चावी ऑन, इंजिन बंद : सप्लायच्या पिनवर १२ व्होल्ट. म्हणजे फ्यूजही ठीक.

३) बॅटरीची निगेटिव्ह काढून, ईसीयूचा प्लग सोडवून कंट्रोलची वायर टोकापासून टोकापर्यंत मोजली. चांगली वायर १ ओहमच्या आत दाखवते. इथे वायर हलवली की रीडिंग उडायचं.

सापडलं! बॅटरीच्या ट्रेजवळ वायर घासून आत तांबं हिरवं पडलं होतं. खराब तुकडा कापला, नवा सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली, कोड पुसला. दिवा अजून लागलेला नाही.

मोजायला अर्धा तास लागला. तो आधी दिला असता तर व्हॉल्व्हचे पैसे वाचले असते. कोड पत्ता सांगतो गल्लीचा. घर आपणच शोधायचं असतं. जुना व्हॉल्व्ह आता माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर आहे. कुणी न मोजता "हे गेलंय" म्हणालं की मी त्याच्याकडे बघतो.