घोड्यांसोबतचे बिऱ्हाड आणि त्याचे कागद

ओक्लाहोमा सिटी : मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत पाले पडतात तेव्हा घोडेवाल्यांचे अख्खे बिऱ्हाड टेम्पोतून उतरते. फाळका पाडून घोडी खाली घ्यायची, हौद्यावर ताडपत्री ताणायची आणि सौदा होईपर्यंत तिथेच राहायचे. नांदेड-लातूर रस्त्यावरून जाणाऱ्याला हे नवे नाही. ओक्लाहोमा सिटीतही नोव्हेंबरात क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांची मोठी स्पर्धा भरते आणि माणसे घोड्यांजवळच मुक्काम ठोकतात. फरक पडतो तो गाडीत, आणि त्याहून जास्त तिच्या कागदांत.

गाडी म्हणजे दणकट पिकअप ट्रक आणि त्यामागे ॲल्युमिनियमचा लांबलचक ट्रेलर. ट्रेलरची वर वळलेली मान पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर अडकवतात. मानेच्या पोकळीत दोघांचा पलंग. दोन पायऱ्या उतरले की शेगडी, छोटा फ्रिज, न्हाणीघर. त्यापुढे खोगिरे आणि लगाम टांगायची कोंदट खोली, आणि सगळ्यात मागे तिरके कप्पे. तळाला रबराची जाड चटई, प्रत्येक कप्प्यात एक घोडा, डोके खिडकीकडे. चाऱ्याच्या गाठी टपावर.

आता हे वाहन नोंदवायचे कुठे आणि कसे? आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा देशभर एकच. एमएच २६ असो की एमएच २४, आरसी बुकाची भाषा एक. अमेरिकेत हा कारभार राज्यांचा आहे. मालकीचा दाखला वेगळा, नोंदणी वेगळी, आणि ट्रक व ट्रेलरला आपापली नंबरप्लेट. कॅलिफोर्नियात घरगुती वापराचा पिकअपसुद्धा व्यावसायिक म्हणूनच नोंदवला जातो; त्याच्या पाठीवर राहण्याची खोली कायमची बसवली, तर तो प्रवासी वाहनांत जाऊ शकतो. मोंटानात विक्रीकर नाही आणि ट्रेलरची नोंदणी एकदाच, कायमची. म्हणून दुसऱ्या राज्यांतले लोक तिथे कागदावर कंपनी काढून तिच्या नावाने महागडी गाडी नोंदवतात. ही पळवाट वाटते तितकी स्वस्त नाही. गाडी खरोखर कुठे उभी असते ते विमा कंपनीला खरे सांगितले नसेल, तर अपघातानंतर दाव्यावर पाणी सोडावे लागू शकते. शिवाय मालकाचे स्वतःचे राज्य बुडालेला कर मागते ते वेगळेच.

दुसरा प्रश्न धंद्याचा. ट्रक आणि ट्रेलर मिळून ठरवलेले वजन २६,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ११,८०० किलोंच्या वर गेले, त्यात ट्रेलरचा वाटा १०,००० पौंडांहून जास्त असला आणि घोडे धंद्यासाठी नेले जात असले, की व्यावसायिक लायसन्स लागते. हौशी घोडेस्वार यातून सुटतो. बक्षीस जिंकले म्हणून तो धंदेवाईक ठरत नाही. पण प्रवासाचा खर्च करविवरणात धंद्याचा खर्च म्हणून वजा केला, तर हौस म्हणून मिळणाऱ्या सवलतीवर त्याला हक्क सांगता येत नाही. इथे कागदांचे एकमेकांवर लक्ष असते. त्याच करखात्याच्या नियमात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेला ट्रेलर दुसरे घर मानला जाऊ शकतो आणि त्याच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट मिळू शकते.

विमा हा सगळ्यात किचकट भाग. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याची देखरेख राज्यांकडे ठेवली. न्यू हॅम्पशायरमध्ये तर सर्वसाधारण वाहनचालकाला विमा सक्तीचाही नाही. जोडलेला ट्रेलर वळणावर दुसऱ्याच्या गाडीला घासला, तर त्या तिसऱ्याची भरपाई साधारणपणे ओढणाऱ्या ट्रकच्या पॉलिसीतून होते. एवढ्यावर पुष्कळ जण निर्धास्त राहतात. पण तोच ट्रेलर उलटला, चोरीला गेला किंवा ओक्लाहोमातल्या गारपिटीत चेपला, तर ट्रकची पॉलिसी हात वर करते. त्यासाठी ट्रेलरचा स्वतःचा विमा हवा. आतला घोडा मेला तर त्याचा विमा आणखी निराळा. शेजाऱ्याचा घोडा भाडे घेऊन नेला, तर घरगुती पॉलिसी बहुधा गैरलागू होते आणि ताब्यातल्या परक्या जनावरांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

किमतीचा घोळ वेगळाच. पुष्कळदा ट्रेलरचा सांगाडा एका कारखान्यात होतो आणि आतले घर दुसरा कारागीर बसवतो. विमा उतरवताना फक्त सांगाड्याची किंमत लिहिली, तर शेगडी, पलंग, न्हाणीघर सगळे हिशेबाबाहेर. म्हणून जाणकार मालक दोन्ही पावत्या जोडतात आणि घसारा धरून येणाऱ्या बाजारभावाऐवजी आधी ठरवून घेतलेल्या किमतीची पॉलिसी मागतात. आपल्याकडच्या आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर, जो भांडला आहे त्याला हे लगेच कळेल. ट्रेलरमध्ये बाराही महिने राहणाऱ्याने तसे स्पष्ट सांगून घरासारखे संरक्षण घ्यावे लागते, कारण दारातल्या पायरीवरून पाहुणा पडला तर तो रस्त्यावरचा अपघात राहत नाही.

राज्याची हद्द ओलांडताना घोड्यालाही कागद लागतात : पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला आणि संसर्गजन्य रक्तक्षयासाठीच्या कॉगिन्स चाचणीचा नकारात्मक अहवाल.

माळेगावच्या घोडेवाल्याचे काम आज मालवाहू टेम्पोवरच भागते, आणि त्याच्या विम्यातली खरी मेख मागे बसणाऱ्या माणसांची आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सक्तीच्या विम्यात आला. घोडी त्याची, म्हणजे माल त्याचा. मात्र २००७ मध्ये चोल्लेटी भारतम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हे संरक्षण केबिनमध्ये बसलेल्या मालकापुरते आहे. मालासोबत मागे बसलेल्याची भरपाई विमा कंपनीच्या माथी मारता येत नाही. घोडी बिथरू नये म्हणून हौद्यात तिचा दोर धरून बसलेल्या पोराला यात कुठेच जागा नाही. सोबत नेण्याची माणसे आरसीवरच्या आसनसंख्येत आणि केबिनमध्येच बसवावी लागतात; बाकीच्यांनी एसटीने यावे.