गाजलेलं आणि टिकलेलं

संगणक आणि इंटरनेटच्या गेल्या तीस वर्षांतल्या बातम्या ओळीने आठवायला घेतल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. पहिल्या पानावर झळकलेल्या कित्येक बातम्यांचं पुढे काय झालं ते कुणी विचारतही नाही. उलट आपलं रोजचं लिहिणं-वाचणं ज्यांनी पालटून टाकलं, त्या बातम्या आतल्या पानात दोन परिच्छेदांत उरकल्या गेल्या, नाहीतर छापूनच आल्या नाहीत. हा मागोवा त्या दुसऱ्या प्रकारच्या बातम्यांचा आहे, आणि तोही मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाच्या नजरेतून.

सुरुवात मात्र गाजलेल्या आणि टिकलेल्याही बातमीने करायला हवी. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याआधी ते संशोधन संस्थांपुरतं होतं; जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची ये-जा 1980च्या दशकातच सुरू झाली होती. 1995 मध्ये मिळणारा डायल-अपचा वेग होता 9.6 केबीपीएस. आज मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या वेगाने उतरवायचा म्हटलं तर पाऊण तास लागेल, तोही मध्ये फोन कट झाला नाही तर. वर्षाच्या मोजक्या तासांसाठी काही हजार रुपये मोजावे लागत. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणाऱ्या खात्यात फक्त अक्षरं दिसत, चित्रं नाहीत. तरी लोकांनी ते घेतलं, कारण जगाचं दार उघडलं होतं. त्या दारातून मराठीला मात्र सहज आत जाता येत नव्हतं.

मराठीला संगणकावर आणण्याची खटपट त्याच्याही आधीची. पुण्यात 1988 साली सी-डॅक स्थापन झाली आणि 1991 मध्ये तिथे ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. अमेरिकेने अद्ययावत महासंगणक द्यायला नकार दिल्यावर डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उभा केला, आणि त्याचं कौतुक झालं ते रास्तच होतं. पण त्याच सी-डॅकमध्ये आणखी एक गट काम करत होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात पुढे नेलं. साध्या डॉसच्या संगणकात एक कार्ड बसवायचं, की पडद्यावर देवनागरी उमटे. प्रमुख भारतीय लिप्यांना एकच सांकेतिक पाया देणारं ‘इस्की’ हे मानक 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलं. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकही त्याच काळातला: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. या कामाला महासंगणकाची प्रसिद्धी मिळाली नाही. पण माझ्या मते मराठी माणसाच्या दृष्टीने त्या दशकातलं सर्वांत मोलाचं संगणकीय काम हेच.

दुर्दैवाने व्यवहार वेगळ्याच वाटेने गेला. 1990च्या दशकात डीटीपी आलं, खिळ्यांची जुळणी संपली आणि छपाईचा वेग वाढला. पण अक्षरं सुबक छापून आली की काम झालं, एवढाच त्या काळचा निकष होता. फाँट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपापली सोय पाहिली. इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: एका जागी काना, एका जागी अर्धा ‘त’, एका जागी रफार. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच होतं, चेहरा तेवढा मराठी. एकाच्या फाँटमध्ये ‘क’ जिथे, तिथे दुसऱ्याच्या फाँटमध्ये उकार. त्यामुळे फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि टिंबाटोप्यांचा नुसता खच. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर बातमीच्या आधी फाँट उतरवून घ्यायची सूचना असे, आणि प्रत्येकाचा फाँट निराळा.

यात नुकसान नेमकं कुठे झालं ते ऱ्हस्व वेलांटीवरून समजतं. ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या डावीकडे दिसते, उच्चारात मात्र ती ‘क’नंतर येते. जुन्या फाँटमध्ये ती दिसते तशी, म्हणजे आधी, साठवली जाई. लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ या आजच्या मानकात ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे नंतर, साठवली जाते आणि दाखवताना डावीकडे नेली जाते. तेव्हा जुनी फाइल नव्या पद्धतीत आणायची तर अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही. वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते, रफार मागे आणावा लागतो, जोडाक्षराचे तुकडे सांधावे लागतात. मजकुरात शोध घेणं, शब्दांची अकारविल्हे यादी करणं, शुद्धलेखन तपासणं यातलं काहीच त्या फाइलींवर धड होत नाही. मराठीतली कितीतरी मासिकं, दिवाळी अंक आणि पुस्तकं अशीच साठवलेली आहेत.

यावरचा उपाय त्याच वर्षी जन्मला होता, ज्या वर्षी ‘परम’ आला. ऑक्टोबर 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला 128 जागांचा स्वतंत्र गट मिळाला. त्याची मांडणी ‘इस्की’वरच बेतलेली होती. जिस्टवाल्यांचं काम वाया गेलं नाही, ते असं. पण कागदावरचं मानक घराघरात पोचायला जवळजवळ दशक लागलं. विंडोज 2000 मध्ये देवनागरीची सोय आली, सोबत ‘मंगल’ हा फाँट आला. तो रेखाटला होता सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी. लाखो लोकांनी पडद्यावर वाचलेली पहिली शुद्ध युनिकोड मराठी त्यांच्या हाताच्या वळणाची होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. पुढे विंडोज एक्सपीवरही ही सोय होती, पण सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागे, आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी लागे. त्या एका सीडीपायी कितीतरी जणांची मराठी अडून राहिली.

युनिकोड आलं म्हणून सगळं आपोआप सुटलं नाही. मराठीच्या काही खास गरजा हिंदीला नाहीत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो. दुसऱ्यात तो पुढच्या अक्षराला डावीकडून आडव्या कंसासारखा चिकटतो. हा दुसरा र लिहिण्याचे युनिकोडमध्ये दोन मार्ग आहेत: एकात खालच्या टिंबाचा ‘ऱ’ घेऊन हलन्त द्यायचा, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र निराळे. एका पद्धतीने लिहिलेला ‘दऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच याची खात्री नसते. ‘ॲ’चं तसंच. त्याला स्वतःची जागा मिळाली 2008 मध्ये, युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत. तोवर ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवलं जाई, आणि ते जुनं लेखन आजही सर्वत्र पसरलेलं आहे. ‘ॲ’ला जागा मिळाल्याची बातमी माझ्या आठवणीत तरी कुठल्या वृत्तपत्राने दिली नाही. पण ‘ॲप’ हा शब्द आज आपण दिवसातून दहादा लिहितो, आणि तो नीट लिहिता येतो तो त्या निर्णयामुळे.

मोबाइलवर मराठी उशिरा का रुळली याचंही कारण असंच तांत्रिक आहे. साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीची 160 अक्षरं मावतात. देवनागरीत लिहिलं की ही मर्यादा 70 वर येते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी एक जागा खातात. इंग्रजी निरोपात देवनागरीचं एक अक्षर जरी टाकलं, तरी अख्ख्या निरोपाला 70ची मर्यादा लागू होते. थोडक्यात, मराठीत लिहिणाऱ्याला त्याच मजकुरासाठी दुप्पट पैसे. लोक ‘kasa aahes’ धर्तीवर रोमनमधून मराठी लिहायला शिकले, त्याचं खापर भाषेच्या अनास्थेवर फोडलं गेलं. मला ते कधीच पटलं नाही. दर आणि मर्यादा जशा आखल्या होत्या, तसं लोक वागले. ती मर्यादा इंटरनेटवरून जाणाऱ्या निरोपांनी काढून टाकली, अंगठ्याने लिहायचे सोपे कळफलक आले, आणि तीच माणसं देवनागरीत लिहू लागली. त्या कळफलकांमध्ये मुंबई आयआयटीचा ‘स्वरचक्र’ आवर्जून आठवावा असा. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उघडते.

आता गाजलेल्या बातम्यांकडे पाहू. 2001च्या सुमारास बंगळुरूच्या ‘सिंप्युटर’ने खेड्यातल्या माणसाच्या हाती स्वस्त संगणक द्यायचं स्वप्न दाखवलं. हेतू उमदा होता, पण ते यंत्र फारसं लोकांच्या हाती पोचलं नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये ‘आकाश’ टॅब्लेट आला: सात इंची पडदा, 256 एमबी रॅम, 366 मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, आणि बोटाने दाबावं लागे असा स्पर्शपटल. जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण विद्यार्थ्याला रोज वापरता येईल असं ते यंत्र नव्हतं. ऑगस्ट 2014 मध्ये ‘.भारत’ हा देवनागरी पत्ता सुरू झाला. कल्पना मला आजही आवडते, पण ठळकपणे तो वापरलेला क्वचित दिसतो. तिन्हींमध्ये एक समान धागा आहे: वस्तू आधी आली, आणि तिच्यावर करायचं काम, तिच्यासाठी लागणारा मजकूर आणि दुरुस्तीची सोय नंतर बघू म्हणून राहिली. याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातलंच. 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि ‘एमएस-सीआयटी’चे वर्ग तालुक्याच्या गावांत सुरू झाले. त्यात नवं यंत्र काही नव्हतं. होतं ते शिकवणं, मराठीतलं पुस्तक आणि बसायला संगणक. महाराष्ट्रात संगणक-साक्षरता पसरली ती अशा वर्गांतून.

2016 हे वर्ष मी सर्वांत महत्त्वाचं मानतो. सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, ही गोष्ट सगळ्यांनाच आठवते. त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी झाल्या. 8 फेब्रुवारीला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, संकेतस्थळागणिक वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. त्याआधीच्या वर्षी दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ट्रायला ई-मेल पाठवून खुल्या इंटरनेटची बाजू मांडली होती. हा निर्णय झाला नसता तर स्वस्त डेटा आला तेव्हा तो चार मोठ्या कंपन्यांच्या कुंपणातच फिरला असता, आणि लहानशा मराठी संकेतस्थळापर्यंत पोचायला वेगळे पैसे पडले असते. दुसरी गोष्ट भारतीय मानक आयएस 16333च्या तिसऱ्या भागाची. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर 22ही अधिकृत भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि हिंदी, इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेत लिहिता आलं पाहिजे, असा तो नियम. मुदतवाढी मिळत तो अंमलात आला. त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. पण आज कुठल्याही दुकानातून घेतलेल्या फोनवर मराठी चौकोनी डब्यांऐवजी अक्षरांत दिसते, हे आपल्याला गृहीत धरता येतं ते अशा नियमांमुळेही.

या तीस वर्षांत काही गोष्टी गेल्या. ऑक्टोबर 2009 मध्ये जिओसिटीज बंद झालं, सप्टेंबर 2014 मध्ये ऑर्कुट, डिसेंबर 2020 मध्ये याहू ग्रुप्स. परदेशी गेलेल्या आणि इथे राहिलेल्या मराठी माणसांनी तिथे लिहिलेल्या कविता, पाककृती, गावांच्या आठवणी, वादविवाद त्यांच्याबरोबर गेले. फुकट जागा देणारा मालक जागा रिकामी करायलाही सांगू शकतो. उलट 1996 पासून सुरू असलेलं ‘मायबोली’, 2003 मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया, वाईच्या विश्वकोश मंडळाचे युनिकोडमध्ये आलेले 20 खंड, शिकागो विद्यापीठाने खुला ठेवलेला मोल्सवर्थचा कोश हे सगळं अजून हाताशी आहे. जे मराठी माणसांनी किंवा संस्थांनी स्वतःच्या हाती ठेवलं, खुल्या पद्धतीने लिहिलं, ते राहिलं.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि बातम्यांचा पूर पुन्हा सुरू झाला. मराठीपुरतं माझं मत सरळ आहे. या प्रणाली शिकतात त्या उपलब्ध मजकुरावर. इंग्रजीच्या मानाने मराठीचा खुला, यंत्राला वाचता येईल असा मजकूर फार थोडा आहे. मराठीत कमी लिहिलं गेलं, हे त्याचं कारण नव्हे. लिहिलेलं जुन्या फाँटच्या फाइलींत आणि छायाचित्रासारख्या पीडीएफमध्ये अडकलं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद मलाही आहे. पण अभिजात भाषेचा शंभर-दीडशे वर्षांचा गद्यसाठा यंत्राला वाचता येत नसेल, तर पुढची पिढी जे मराठी वाचेल ते भाषांतरित वळणाचं असेल.

म्हणून प्रकाशकांना, संपादकांना आणि ग्रंथालयांच्या विश्वस्तांना एक विनंती. तुमच्या जुन्या डीटीपी ऑपरेटरला बोलवा. कुठली फाइल कुठल्या फाँटमध्ये आहे हे सांगू शकणारी माणसं अजून कामावर आहेत, आणखी दहा वर्षांनी नसतील. फाइली युनिकोडमध्ये आणा, मूळ छापील प्रतीशी ताडून मुद्रितशोधन करा, आणि ज्यांचे हक्क संपले आहेत किंवा लेखकाची संमती आहे, तो मजकूर खुला करा. वाचकांनीही आपल्या संगणकातल्या जुन्या फाइली एकदा उघडून पाहाव्यात. या कामाची बातमी कुठे छापून येणार नाही. तरीही ते याच वर्षी हाती घ्या.