तारापूर म्हणजे नेमके कोणते?

पालघर जिल्ह्यात 'तारापूर' या एकाच नावाखाली तीन भिन्न गोष्टी नांदतात. एक, खाडीकाठचे जुने गाव. दुसरे, 1969 साली कार्यान्वित झालेले अणुवीज केंद्र. तिसरी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, जिचे नाव तारापूर असले तरी जिथे कामाला जाणारा माणूस गाडीतून उतरतो तो बोईसरला. स्थानिकांचा यात घोटाळा होत नाही. बोलण्याच्या ओघावरून त्यांस उमगते. घोटाळा व्हावयाचा तो परक्याचा. आणि असा एक नवा परका आता आपल्या दाराशी येऊन उभा आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा 'एजंट' म्हणजे नागरिकाचा प्रश्न ऐकून त्याच्या वतीने सरकारी नोंदी चाळणारा संगणकीय साहाय्यक. (तहसील कचेरीच्या आवारात या शब्दाला जो अर्थ आहे तो येथे अभिप्रेत नाही, जरी योग्य खिडकी गाठून देण्याचे काम दोघांचेही असले.) 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याचा मनोदय राज्य शासनाने 2025 साली जाहीर केला, तेव्हा हा विषय दूरचा राहिलेला नाही. नोंदींपर्यंत पोचण्यासाठी अशा साहाय्यकाच्या हाती जी साधने दिली जातात त्यांना 'टूल' म्हणतात. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या पद्धतीत प्रत्येक टूलबरोबर त्याचे नाव, त्याला कोणती माहिती पुरवावी लागते आणि ते काय करते याचे थोडक्यात वर्णन देता येते. टूलच्या आत काय चालते हे साहाय्यकास दिसत नाही. परगावच्या गिऱ्हाइकाने पाटी वाचून दुकानात शिरावे तसा तो ते वर्णन वाचून टूल निवडतो. पाटीच चुकीची असेल तर गिऱ्हाइकास बोल लावण्यात अर्थ नाही.

समजा, बोईसरच्या एखाद्या चाळीत रात्री दोन वाजता उग्र दर्प येऊ लागला आणि एका कामगाराने मोबाईलवर विचारले, 'तारापूरला हवा ठीक आहे का?' 'परिसरातील हवा सुरक्षित आहे की नाही ते सांगते' अशा वर्णनाचे टूल हाताशी असेल तर साहाय्यक ते वापरील आणि 'समाधानकारक' हा शेरा विश्वासाने वाचून दाखवील. वस्तुतः आपला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आठच प्रदूषकांचा विचार करतो: दोन आकारांचे धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. टोल्युइनसारख्या द्रावकाची वाफ त्यात नाही. हायड्रोजन सल्फाइडही नाही. शिवाय तो मुख्यतः चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. दहा मिनिटांपूर्वी झालेली गळती त्यात उमटेलच असे नाही. आकडा खरा, उत्तर मात्र घातक! म्हणून वर्णनात स्पष्ट लिहिले पाहिजे: 'हा दैनंदिन प्रदूषणाचा निर्देशांक आहे. रासायनिक वायुगळती किंवा किरणोत्सर्ग यावरून कळत नाही. दर्प, चुरचुर, घुसमट यांचा उल्लेख असल्यास हे टूल वापरू नये. 112 हा क्रमांक द्यावा.' टूल काय करीत नाही हे सांगणारी वाक्ये माझ्या मते अधिक मोलाची, आणि नेमकी तीच लिहिण्याचा कंटाळा केला जातो.

'पालघर' या शब्दाचीही हीच गत. पालघर हे शहर आहे, तालुका आहे आणि 1 ऑगस्ट 2014 पासून जिल्हाही आहे. त्यापूर्वीच्या जिल्हावार तक्त्यांत हा मुलूख ठाण्यात मोडतो. बोईसर 2011 च्या जनगणनेत नगर ठरले, परंतु तेव्हा कारभार ग्रामपंचायतीचाच होता. म्हणजे मोजणीस शहर आणि गटारासाठी गाव. पाण्याचे तर विचारूच नये. सूर्या नदीवरची एक योजना पालघर शहराबरोबर 26 गावांनाही पाणी पुरवते. 'पालघर पाणीपुरवठा' एवढेच नाव दिलेले टूल त्या गावांतील गृहिणीच्या प्रश्नास लागू आहे की नाही, हे यंत्राने कशावरून ओळखावे? आपल्या लोकांना ही अडचण फार पूर्वी कळली होती. मुंबईतही माहीम आहे म्हणून येथले माहीम 'केळवे-माहीम' झाले.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा खर्च कोणावर पडतो याचा प्रश्न आहे. वर्णन लिहिणाऱ्या कंत्राटदाराचे अर्ध्या तासाचे श्रम वाचतात. त्याची किंमत चुकीच्या कार्यालयात खेटे घालणारा माणूस बुडालेल्या रोजाने चुकवतो. हा माणूस निविदेच्या कागदावर कोठेच नसतो.

यावर कोणी म्हणेल, मुळात नोंदीच जर धड नाहीत तर वर्णने सुधारून काय साधणार? आक्षेप निराधार नाही. पण नोंदवही आठवड्यातून एकदाच भरली जात असेल तर तेही वर्णनात लिहिता येते, आणि 'आज पाणी येईल का' या प्रश्नास त्या वहीतून उत्तर देऊ नये असेही. हे मुंबई-पुण्यात बसून प्रणाली बांधणाऱ्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याला आणि तक्रारी ऐकणाऱ्या ग्रामपंचायतीच्या लिपिकाला. कंत्राटाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक टूलचे वर्णन या दोघांस मराठीत वाचून दाखवावे, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या कराव्यात आणि खाली त्यांची सही घ्यावी, एवढी अट निविदेत घालण्यास नवा कायदा लागत नाही.