मेंदूवरील किरणोपचारानंतर : शरीराची ताण सोसण्याची शक्ती जपा

तीव्र ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीराला कॉर्टिसोल या संप्रेरकाची अधिक गरज भासते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, पीयूषिका मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना चालना देते आणि त्या कॉर्टिसोल रक्तात सोडतात. आजारपणात रक्तदाब व रक्तातील साखर टिकून राहण्यासाठी ते आवश्यक असते.

धोका कोणाला?
मेंदूतील गाठ किंवा नाकामागील भागाचा कर्करोग यांवर किरणोपचार झाले असतील आणि ही केंद्रे किरणांच्या मार्गात आली असतील, तर त्यांचे कार्य हळूहळू मंदावू शकते. तेथे पोहोचलेली एकूण मात्रा ३० ग्रे किंवा अधिक असल्यास धोका वाढतो. बहुधा वाढीचे संप्रेरक प्रथम घटते. कॉर्टिसोलची उणीव अनेकदा काही वर्षांनी प्रकट होते.

छातीच्या साध्या एक्स-रेमुळे असे होत नाही. त्याची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे उपचारातील मात्रेच्या तुलनेत अत्यल्प असते.

लक्षणे ओळखा
सततचा थकवा, मंद भूक, घटते वजन, मळमळ, उभे राहताच चक्कर येणे. ही लक्षणे ‘अशक्तपणा’ समजून अंगावर काढू नका. उपचार घेतलेल्या मुलाची उंची खुंटत असल्यासही डॉक्टरांना दाखवा.

तपासणी व उपचार
सकाळी ८ ते ९ च्या सुमारास रक्तातील कॉर्टिसोल मोजतात. गरज भासल्यास विशेष इंजेक्शन देऊन पुन्हा तपासणी करतात. उणीव आढळल्यास हायड्रोकॉर्टिसोनसारख्या गोळ्यांनी ती भरून काढता येते.

हे अवश्य पाळा
• गोळ्या स्वतःहून कधीही बंद करू नका.
• ताप आल्यास मात्रा किती वाढवावी, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.
• शस्त्रक्रियेपूर्वी किंवा दात काढण्यापूर्वी आपल्या आजाराची कल्पना द्या.
• आजाराची व औषधांची नोंद असलेले कार्ड नेहमी जवळ ठेवा.
• उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल किंवा रुग्णाला ग्लानी येत असेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन प्राण वाचवते.

या भीतीपोटी किरणोपचार टाळू नका. उपचारांची कागदपत्रे जपून ठेवा आणि बरे वाटत असले तरी नियमित तपासणीस जात राहा.