रिकाम्या कपातील चहा

साडेतीन वर्षांची नात रिकामा कप पुढे करते आणि म्हणते, "आजी, चहा घे. गरम आहे हं!" आजीपुढे दोन मार्ग असतात. "अगं, यात चहा कुठे आहे?" असे म्हणून पुन्हा वर्तमानपत्र उघडणे हा एक. फुंकर घालून घोट घेणे आणि "वेलदोडा छान लागला, पण साखर विसरलीस वाटते?" असे विचारणे हा दुसरा. पहिल्या उत्तराने संवाद तेथेच संपतो. दुसऱ्या उत्तराने नात लगबगीने उठते, साखर संपल्याचे सांगते, दुकानात जाते, भाव विचारते, सुटे पैसे मागते. एरवी दिवसभरात जी वाक्ये उच्चारण्याची तिला गरजच पडली नसती, ती पाच मिनिटांत तिच्या ओठांवर येतात.

मराठी घरांना हा खेळ नवा नाही. भातुकलीच्या इवल्याशा चुलीभोवती, जात्याभोवती आणि खलबत्त्याभोवती कित्येक पिढ्यांचे बालपण रमले. त्या भांड्यांबरोबर शब्दही मुलांच्या हाती येत. दळणे, कांडणे, कुटणे, चाळणे, पाखडणे या प्रत्येक क्रियेचे नाव वेगळे. आज या साऱ्यांची जागा मिक्सरच्या एका बटणाने घेतली आहे. कामे गेली, तरी शब्द खेळातून टिकू शकतात. मात्र ते उच्चारणारे कोणी तरी मुलाजवळ बसलेले हवे.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी काठीच्या घोड्याचे उदाहरण देऊन या खेळाचे मर्म उलगडले. मूल काठीवर स्वार होते, तेव्हा घोडा प्रत्यक्ष समोर नसतो. त्याचा अर्थ तेवढा काठीवर उतरतो. एका वस्तूने दुसरीची जागा घ्यावी, ही भाषेचीही रीत आहे. 'पाणी' या शब्दात ओलावा नसतो, तरीही तो उच्चारताच पाणी डोळ्यांपुढे येते.

साधारण दीड वर्षाच्या सुमारास मूल रिकाम्या वाटीतून पिण्याचा आव आणते. पुढे ते बाहुलीला भरवते, ठोकळ्याचा फोन करते. तीन-चार वर्षांचे झाल्यावर "तू पेशंट, मी डॉक्टर" अशी भूमिकांची वाटणी सुरू होते. सवंगड्यांची समजूत घालताना, भांडताना आणि नियम ठरवताना भाषेचा खरा कस लागतो.

यासाठी महागड्या खेळण्यांची आवश्यकता नाही. जुनी ओढणी, पुठ्ठ्याचे खोके, चमचे, वाट्या एवढे पुरे. खेळाची सूत्रे मुलाच्या हाती राहू द्यावीत. मोठ्यांनी सांगितलेली भूमिका निमूटपणे वठवावी. "हा रंग कोणता?" अशी परीक्षा घेण्याऐवजी "आता गाडी कुठे निघाली?" असे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. मूल "घोडा पडली" म्हणाले, तर चूक न दाखवता "अरेरे, घोडा पडला? लागले का त्याला?" एवढेच म्हणावे, योग्य रूप आपोआप कानी पडते. मुलग्याने पोळ्या लाटल्या आणि मुलीने बस चालवली, तर त्यात अडवण्यासारखे काही नाही.

जेवताना हाती दिलेला मोबाइल मुलाला शांत ठेवतो. पण पडद्यावरील चित्र मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एक तासाची असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सुचविले आहे. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर "बोलेल हळूहळू" असे म्हणत थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवून त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी.

दिवसाकाठी पंधरा मिनिटे कोणत्याही घराला परवडतात. पुढे केलेला रिकामा कप फार काळ पुढे राहत नाही. घेणारे कोणी नसेल, तर तो हात हळूहळू मागे जातो.