निरोप देणे आणि निरोप पुसणे



'अभिव्यक्ती' हा शब्द साहित्याच्या व्यासपीठावर नित्याचा आहे. जीवशास्त्रानेही तो आपलासा केला आहे. जनुकातील मजकुरावरून पेशी प्रत्यक्ष प्रथिन घडवू लागली, की त्या जनुकाची अभिव्यक्ती झाली असे म्हणतात. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिनांचा मजकूर असलेली सुमारे २०,००० जनुके असतात, आणि डोळ्याच्या पेशीतील संच यकृताच्या पेशीतील संचासारखाच असतो. पंचांग घरोघरी एकच, पण कुणी त्यात एकादशी पाहतो, कुणी लग्नाचा मुहूर्त. तसेच पेशींचे आहे. कोणते पान केव्हा उघडायचे हे पेशीला कळते कसे? आणि उघडलेले पान मिटायचे केव्हा? पहिला प्रश्न सर्वांनाच सुचतो. दुसऱ्याचे महत्त्व तितकेच आहे, हे आपल्या रक्ताच्या उदाहरणावरून पाहू.

फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्स्वा-जिल्बेर व्हियो हे पेरू देशातील मोरोकोचा या खाणींच्या गावी गेले होते. गावाची उंची सुमारे ४,५०० मीटर, हवा विरळ. तेथे त्यांनी रक्तातील तांबड्या पेशी मोजल्या, तेव्हा काही आठवड्यांतच त्यांची संख्या बरीच वाढल्याचे दिसले. हे निरीक्षण १८९० मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्सिजन कमी पडला की शरीर तो वाहून नेणाऱ्या पेशी वाढवते, हे उघड झाले. पण अस्थिमज्जेला ही वर्दी कोण देते? रक्तातून फिरणारा एखादा पदार्थ असावा, असे कार्नो आणि देफ्लांद्र यांनी १९०६ मध्ये सुचवले. तो पदार्थ शुद्ध रूपात हाती यायला १९७७ साल उजाडले. रक्तक्षयाच्या रुग्णांचे सुमारे २,५०० लिटर मूत्र गाळून त्यातून काही मिलिग्रॅम मिळाला. त्याचे नाव एरिथ्रोपोएटिन. प्रौढ माणसात हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते.

आता मूत्रपिंडाच्या पेशीत शिरू. एरिथ्रोपोएटिनचे जनुक तेथे शांत असते. ते जागवणाऱ्या प्रथिनाला 'हिफ' म्हणतात. ते दोन भागांचे असते. एक भाग पेशीत कायम असतो आणि दुसरा, म्हणजे हिफ-अल्फा, सारखा तयार होतो आणि सारखाच नष्टही होतो. ऑक्सिजन पुरेसा असेल तर त्याचे आयुष्य काही मिनिटांचेच. पेशीतील एक विकर त्याच्यावरील दोन ठरावीक जागी ऑक्सिजनचा एकेक अणू चिकटवते. ही खूण 'व्हीएचएल' नावाचे प्रथिन ओळखते आणि हिफ-अल्फाला पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेच्या स्वाधीन करते.

या रचनेतील मर्म असे, की खूण करायला ऑक्सिजनच लागतो. तो कमी पडला की खूण होत नाही, मोडतोड थांबते, हिफ-अल्फा साठतो, केंद्रकात जाऊन आपल्या जोडीदाराला मिळतो आणि जनुकाजवळच्या ठरावीक अक्षरांवर जाऊन बसतो. जनुक जागे होते. म्हणजे दूत नेहमीच दाराशी उभा असतो, त्याला रोज परतवले जाते. संकटाच्या वेळी फक्त परतवणे थांबते. नव्याने दूत घडवत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होते. या साखळीचा उलगडा ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांनी केला. त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्रपिंडातून निघालेले एरिथ्रोपोएटिन रक्तावाटे अस्थिमज्जेत पोचते. येथे साखळीची तऱ्हा वेगळी आहे. संप्रेरक पेशीच्या आत जातच नाही. ते पेशीच्या आवरणावरील ग्राही प्रथिनाला चिकटते. ग्राहीच्या आतल्या टोकाला 'जॅक-२' नावाचे विकर जोडलेले असते. ते जागे होऊन फॉस्फेटच्या खुणा करू लागते. अशी खूण झालेले 'स्टॅट-५' हे प्रथिन केंद्रकात जाते आणि तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींना तगवणारी जनुके चालू करते. आपली अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बनवते, ती या निरोपाच्या आधारावर. येथेही निरोप पुसण्याची सोय आहे. फॉस्फेटच्या खुणा काढून टाकणारी विकरे असतातच. शिवाय स्टॅट-५ ज्या जनुकांना जागवते, त्यांतच या साखळीला आवर घालणाऱ्या प्रथिनांची जनुकेही असतात. निरोप स्वतःच आपल्या शेवटाची तजवीज करतो.

ही सोय बिघडली तर काय होते, ते दोन रोगांवरून दिसते. व्हीएचएल प्रथिनाचे जनुक काही कुटुंबांत वंशपरंपरेने सदोष असते. त्यांच्या शरीरात ज्या पेशींमधली उरलेली चांगली प्रतही बिघडते, त्यांत ऑक्सिजन भरपूर असतानाही हिफ नष्ट होत नाही. पेशीला कायम गुदमरल्याचा भास होतो, ती नव्या रक्तवाहिन्या मागत राहते, आणि डोळा, मेंदू, मूत्रपिंड येथे रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठी होतात. दुसरा रोग अस्थिमज्जेतला. २००५ मध्ये असे आढळले, की रक्तात तांबड्या पेशींचा अतिरेक होणाऱ्या 'पॉलिसायथेमिया व्हेरा'च्या बहुसंख्य रुग्णांत जॅक-२ च्या ६१७ व्या जागचे अमिनो आम्ल बदललेले असते. जनुकातील एका अक्षराचा हा फरक जॅक-२ ला लगाम घालणाऱ्या भागातच होतो. मग संप्रेरक नसले तरी निरोप चालूच राहतो. रक्त दाट होते, गुठळ्यांचा धोका वाढतो. अशा रुग्णाच्या रक्तात एरिथ्रोपोएटिन बहुधा कमी भरते: मूत्रपिंड केव्हाच गप्प झालेले असते, अस्थिमज्जा मात्र न आलेला निरोप ऐकत असते.

हे ज्ञान औषधांच्या दुकानापर्यंत पोचले आहे. डायलिसिसवरील माणूस फिकट आणि थकलेला का दिसतो, याचे एक मोठे कारण आता आपल्या ध्यानात येईल. निकामी मूत्रपिंडाकडून निरोपच निघत नाही. १९८९ पासून अमेरिकेत अशा रुग्णांना कारखान्यात बनवलेले एरिथ्रोपोएटिन देण्यास मान्यता मिळाली. पुढे हिफवर खूण करणारे विकर रोखणाऱ्या गोळ्या आल्या. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या डेसिड्युस्टॅटला भारतात २०२२ मध्ये परवानगी मिळाली. उलट दिशेने, हिफलाच अडवणारे बेल्झुटिफॅन व्हीएचएलच्या रुग्णांसाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पण निरोप वाढवतानाही हात आवरावा लागतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन या संप्रेरकाने फार वर चढवू पाहणाऱ्या मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांपैकी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. म्हणून अशा रुग्णाच्या घरच्यांनी हिमोग्लोबिनचा आकडा जितका मोठा तितका बरा, असे धरून चालू नये. किती वाढवायचे आणि कुठे थांबायचे, हे डॉक्टर ठरवतात, त्यामागे हे कारण आहे.

निसर्गालाही हा हिशेब करावा लागला आहे. अँडीज पर्वतात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांपैकी काहींचे रक्त इतके दाट होते की तोच आजार ठरतो. तिबेटी लोक तितक्याच विरळ हवेत राहतात, तरी त्यांचे हिमोग्लोबिन तेवढे चढत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्या जनुकसंचातील एक वेगळेपण पुढे आले. ते हिफ कुळातील एका प्रथिनाच्या जनुकात आणि त्याच्या आसपास आहे. उंचीवर राहायला शिकताना तिबेटी शरीराने ऑक्सिजनच्या टंचाईचा निरोप अधिक मोठ्याने ऐकलेला नाही. त्याने तो बेताने ऐकायची सवय लावून घेतली आहे.